एका पैचा हिशेब

देवगिरीच्या किल्लेदाराने एका पोरसवदा मुलाला दफ्तरात बसवून हिशेब शिकवला. त्या मुलाने गुरूचं ऋण कसं फेडलं, याची ही गोष्ट.

तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमधलं सगळ्यात कमी वाचलं जाणारं पान कोणतं, सांगा बरं. ॲकनॉलेजमेंटचं! आधीच्या बॅचच्या कोणाच्या तरी फाइलमधून ते उचललेलं असतं, गाइडचं नाव तेवढं बदलायचं. गाइडही ते वाचत नाहीत. गुरुपौर्णिमेला फोनवर येणाऱ्या फुलांच्या फोटोंचंही थोडंफार तसंच. त्यात वाईट काही नाही; पण ज्याने आपल्याला घडवलं त्याचं ऋण मानायचं म्हणजे नेमकं करायचं काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

सोळाव्या शतकात पैठणच्या एका माणसाने या प्रश्नाचं उत्तर आयुष्यभर काम करून दिलं. संत एकनाथ. शाळेच्या पुस्तकात तुम्हाला ते भेटलेत. तहानलेल्या गाढवाला कावडीतलं गंगाजल पाजणारे, अंगावर थुंकणाऱ्यावरही न चिडणारे, वाळवंटात पोळणाऱ्या महाराच्या लेकराला कडेवर उचलून घरी पोहोचवणारे. या गोष्टी आपल्याला पाठ असतात. या माणसामागे उभे असलेले जनार्दनस्वामी मात्र बहुतेकांना ठाऊक नसतात.

पैठण ते देवगिरी

एकनाथांचा जन्म साधारण १५३३च्या सुमाराचा. पणजोबा भानुदास हे मोठे विठ्ठलभक्त. विजयनगरला गेलेली विठ्ठलाची मूर्ती त्यांनीच पंढरपूरला परत आणली, असं वारकरी परंपरा सांगते. एकनाथांचे आईवडील, रुक्मिणी आणि सूर्यनारायण, मुलगा अगदी लहान असतानाच गेले. आजोबा चक्रपाणींनी त्याला वाढवलं. पैठण हे विद्येचं गाव, त्यामुळे वेदपाठ, व्याकरण, पुराणं हे सगळं दारातच होतं. तरी या पोराचं समाधान होईना. त्याला गुरू हवा होता. म्हणून बारा वर्षांच्या आसपासचा हा मुलगा घरात कोणाला न सांगता निघाला आणि देवगिरीला पोहोचला. आजच्या रस्त्याने हे अंतर साठ-सत्तर किलोमीटर भरेल.

तिथे त्याला भेटले ते जटाधारी साधू नव्हते. जनार्दनस्वामी हे चाळीसगावचे देशपांडे आणि निजामशाहीतले देवगिरीचे किल्लेदार. म्हणजे फौज, रसद, वसुली, हिशेब, सगळं त्यांच्याकडे. शिवाय दत्तभक्त. त्यांच्याबद्दलच्या आदरापोटी दर गुरुवारी किल्ल्यावरचं कामकाज बंद असे, असंही सांगतात. गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या गुरूंविषयी दोन परंपरा आहेत. एक दत्तसंप्रदायाकडे बोट दाखवते, तर काही अभ्यासक दौलताबादच्या चांद बोधले या सूफी सत्पुरुषाचं नाव घेतात. पुढे एकनाथांना गुरुकृपेने दत्तदर्शन झालं तेही मलंग फकिराच्या वेषात, असं चरित्रकार सांगतात.

रात्रभर शोधलेली पै

गुरूने आल्या आल्या मंत्र दिला, दीक्षा दिली असं झालं नाही. पाणी भरणं, पूजेची तयारी, पडेल ते काम करणं असं बरंच दिवस चाललं. मग दफ्तरातला जमाखर्च एकनाथाकडे आला. तुमच्यातल्या कॉमर्सवाल्यांना ट्रायल बॅलन्स न जुळण्याचं दुःख माहीत आहे, आणि कोडिंगवाल्यांना एका चुकलेल्या स्वल्पविरामाचं. एका रात्री तसंच झालं. हिशेबात एक पै जुळेना. स्वामी झोपले होते, दिवा लावून एकनाथ बसला. एकेक रकम पुन्हा, एकेक खतावणी पुन्हा. पहाटे कुठेतरी चूक सापडली आणि त्या आनंदात त्याने टाळी वाजवली.

आवाजाने स्वामी जागे झाले. त्यांनी विचारलं, त्याने कारण सांगितलं. एका पैच्या चुकीसाठी तू रात्रभर इतका एकाग्र होतोस, एवढा आनंद तुला होतो. हेच लक्ष देवाकडे, जगण्यातल्या मोठ्या चुकीकडे वळवलंस तर काय होईल, अशा अर्थाचं ते काहीतरी बोलले. त्याच्यात जे आधीपासून होतं ते त्यांनी ओळखलं आणि त्याला त्याचं मोल दाखवलं. चांगला शिक्षक हेच करतो ना?

या आणि अशा बऱ्याच गोष्टी आपल्यापर्यंत आल्या त्या महीपतींसारख्या चरित्रकारांमुळे. त्यांचं ‘भक्तलीलामृत’ एकनाथांनंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी लिहिलेलं आहे. त्यामुळे या गोष्टींकडे कोर्टातला पुरावा म्हणून बघू नका. लोकांनी या गुरुशिष्यांना कसं लक्षात ठेवलं, ते त्यांतून कळतं.

अशीच आणखी एक गोष्ट आहे. जनार्दनस्वामी समाधीत बसलेले असताना किल्ल्यावर शत्रू चालून आला. गुरूची समाधी मोडायची नाही म्हणून एकनाथाने त्यांचं चिलखत अंगात चढवलं, त्यांच्याच घोड्यावर बसला, फौजेपुढे गेला आणि हल्ला परतवून आला. नंतर हत्यारं जागच्या जागी ठेवली आणि आपल्या कामाला लागला. स्वामींना त्याने काही सांगितलंच नाही. ते त्यांना इतरांकडून कळलं. आता विचार करा, आपण असं काही केलं असतं तर सरांना कळेपर्यंत तरी दम धरला असता का?

पत्र वाचलं तिथेच मुक्काम

सुमारे सहा वर्षं सेवा झाल्यावर स्वामींनी त्याला देवगिरीजवळच्या शूलभंजन डोंगरावर तपाला पाठवलं. मग दोघे तीर्थयात्रेला निघाले. त्र्यंबकेश्वरला गुरूच्या सांगण्यावरून एकनाथांनी भागवतातल्या चार श्लोकांवर मराठीत टीका लिहिली. ‘चतुःश्लोकी भागवत’ हे त्यांचं पहिलं लेखन मानतात. तिथून पुढची यात्रा त्यांनी एकट्याने करायची, असं ठरलं.

यात्रा संपवून ते पैठणला आले. आजोबांना तोंड दाखवलं की परत गुरूकडे, असा त्यांचा बेत असावा. पण चक्रपाणी तोवर देवगिरीला जाऊन जनार्दनस्वामींना भेटून आले होते, आणि येताना नातवासाठी त्यांच्या हातचं पत्र घेऊन आले होते. रस्त्यातच आजोबा-नातवाची गाठ पडली. पत्रात लिहिलं होतं की आता पैठणातच राहायचं, लग्न करायचं, संसार करायचा. जिथे पत्र वाचलं, तिथून एकनाथ पुढे सरकले नाहीत. त्याच जागी त्यांचं घर उभं राहिलं, असं पैठणकर सांगतात. पुढे गिरिजाबाईंशी त्यांचं लग्न झालं.

इथे जरा थांबू. शिष्य सतत पायाशी असावा, गर्दी वाढावी, असं वाटणारे गुरू आपण आजूबाजूला पाहतो. एखादा गुरू खरा की खोटा हे तपासायचं असेल, तर तो तुम्हाला तुमच्या माणसांपासून तोडतोय की त्यांच्याकडे परत पाठवतोय, एवढं जरूर बघा. जनार्दनस्वामींनी आपल्या सगळ्यात लाडक्या शिष्याला घरी पाठवलं, म्हाताऱ्या आजोबांजवळ.

नावाला लागलेली सप्तमी

एकनाथांचे अभंग तुम्ही गणपतीत, वारीत, आजीच्या मोबाइलवर ऐकले असतील. शेवटच्या ओळीकडे कान द्या. तुकारामांच्या अभंगात ‘तुका’ येतो, नामदेवांच्या अभंगात ‘नामा’. एकनाथांची नाममुद्रा मात्र ‘एका जनार्दनी’ अशी आहे. ‘जनार्दनी’ ही सप्तमी विभक्ती. म्हणजे जनार्दनात असलेला, जनार्दनाच्या ठायी असलेला एका. गुरूचं नाव त्यांनी वेगळ्या पानावर ठेवलं नाही, स्वतःच्या सहीतच बसवलं. त्यात जनार्दन हे देवाचंही नाव. त्यामुळे ते गुरूला हाक मारतात की देवाला, हे ऐकणाऱ्याला वेगळं काढता येत नाही.

ही सही करायला सोपी होती असं समजू नका. एकनाथ लिहीत होते मराठीत, पैठणसारख्या संस्कृताच्या गावात. श्राद्धाचं जेवण गावाबाहेरच्यांना वाढत होते, अस्पृश्य मानलेल्यांच्या घरी जेवत होते. त्यावरून ब्रह्मवृंदाने त्यांना छळलं. स्वतःचा मुलगा हरिपंडितही वडिलांचं मराठीतलं पुराण आणि हे वागणं न पटून काशीला निघून गेला होता. भारुडांत ते महाराच्या तोंडून बोलले, जोशी-गोंधळ्यांच्या तोंडून बोलले, हिंदू आणि तुर्क यांचं कडाक्याचं भांडण लावून शेवटी त्यांची गळाभेट घडवली. आणि या सगळ्याखाली सही तीच. लोक बोट दाखवणार ते एकट्या एकनाथाकडे नाही, जनार्दनस्वामींकडेही. म्हणजे गुरूचं नाव लावायचं तर ते शोभेल असंच प्रत्येक वेळी वागायला हवं, ही जबाबदारी त्यांनी आपणहून घेतली होती.

देवगिरीच्या दफ्तराची ओळखही त्यांनी टाकून दिली नाही. त्यांची काही भारुडं चक्क अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र अशा सरकारी कागदांच्या घाटात आहेत. कारकुनी भाषा तीच, फक्त अर्ज देवाच्या दरबारात.

भागवताच्या अकराव्या स्कंधावरची त्यांची टीका, ज्याला आपण ‘एकनाथी भागवत’ म्हणतो, १५७३मध्ये काशीत पूर्ण झाली. अठरा हजारांहून जास्त ओव्या, ३१ अध्याय, आणि त्यांत पुन्हा पुन्हा सद्गुरू जनार्दनाला वंदन. मराठीत लिहिलं म्हणून काशीच्या पंडितांनी आधी जाब विचारला आणि ग्रंथ ऐकल्यावर त्याची मिरवणूक काढली, असं परंपरा सांगते.

तीच पै, पुन्हा एकदा

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. ज्ञानेश्वरी १२९०ची. तिच्यानंतर जवळपास तीनशे वर्षं हातांनी नकला होत गेल्या. छापखाना नाही, त्यामुळे प्रत्येक नकलेत काही शब्द बदलले, काही गळले, कोणी आपल्याच ओव्या घुसवल्या. आळंदीची समाधीही दुर्लक्षित पडली होती. ज्ञानेश्वरांनी स्वप्नात येऊन, अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागते आहे ती काढ, असं सांगितलं, अशी आख्यायिका आहे. एकनाथ आळंदीला गेले, समाधीची व्यवस्था लावली. मग वेगवेगळ्या प्रती समोर ठेवून, पाठ ताडून त्यांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. साल १५८४.

हे काम कसं असतं, कल्पना करा. हजारो ओव्या, प्रत्येक शब्दाशी थांबायचं, जुनं कोणतं, नंतरचं कोणतं, ठरवायचं. स्वतः एवढे मोठे कवी, पण इथे स्वतःची एक ओवी घालायची नाही. उलट यापुढे कोणी घालू नये, अशी ताकीद त्यांनी शेवटी लिहून ठेवली. देवगिरीला रात्रभर पै शोधणारा मुलगा आता पन्नाशीचा झाला होता आणि तसाच दिवा लावून बसला होता. ज्ञानेश्वर त्यांनी पाहिलेले नव्हते. पण ज्यांच्या शब्दांवर आपण वाढलो, त्यांचे शब्द जसेच्या तसे पुढच्यांना मिळावेत, हेही गुरुऋण आहे, असं त्यांनी मानलं. आज तुमच्या घरी ज्ञानेश्वरी आहे, त्यात या मेहनतीचा वाटा मोठा आहे.

१५९९मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला एकनाथांनी गोदावरीत देह ठेवला. परंपरेनुसार हीच तिथी जनार्दनस्वामींच्या जन्माची, दोघांच्या पहिल्या भेटीची आणि स्वामींच्या देहत्यागाचीही. दरवर्षी नाथषष्ठीला पैठणला लाखो वारकरी जमतात तो हाच दिवस.

त्यांचं ‘भावार्थ रामायण’ मात्र अपुरं राहिलं, युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायाशी. ते पूर्ण केलं गावबाने. हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या घरी राहिलेला, सगळ्यांनी मठ्ठ ठरवलेला पोरगा. मंत्र म्हण म्हटलं तर तो फक्त एकनाथ एवढंच म्हणायचा. नाथांनी त्याला घालवून दिलं नाही. घरात ठेवून घेतलं, आणि अपुरा ग्रंथ त्याच्या हाती सोपवला. जनार्दनस्वामींनी एका पोराला ओळखलं होतं, नाथांनी दुसऱ्याला ओळखलं.

पुढच्या वेळी मित्रमैत्रिणींबरोबर दौलताबादचा किल्ला चढाल तेव्हा अंधारीत किंचाळून, तोफेपाशी सेल्फी काढून परत फिरू नका. वर जनार्दनस्वामींचं समाधिस्थान दाखवतात, तिथवर जा. आणि रिपोर्टचं ते पान पुन्हा लिहायला बसाल तेव्हा, आपल्यातली कुठली एक गोष्ट कोणामुळे आहे, ते आधी आठवा. त्याच्या नावाखाली आपण काय सबमिट करतोय, तेही एकदा तपासून बघा. अगदी पैपर्यंत.