प्रोफेसर हर्मान फोगेल

सूर्यप्रकाशापासून वीज देणाऱ्या कांहीं नव्या घटांत प्रकाश टिपण्याचें काम रंगद्रव्य करितें. ह्या विद्येचें मूळ एका जर्मन शिक्षकाच्या चिकाटींत आहे. त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

हर्मान विल्हेल्म फोगेल ह्यांचा जन्म सन १८३४ मध्यें प्रशियांतील डोब्रिलुग्क गांवीं झाला. चांदीच्या क्षारांवर प्रकाशाचा होणारा परिणाम ह्या विषयावर निबंध लिहून त्यांनीं १८६३ सालीं डॉक्टरची पदवी मिळविली, आणि पुढच्याच वर्षापासून ते बर्लिन येथें फोटोग्राफी शिकवूं लागले. १८६८ चें खग्रास सूर्यग्रहण पाहण्यास ते एडनला गेले होते. त्याच ग्रहणाची छाया पुढें समुद्र ओलांडून आपल्या कोंकणावरून गेली.

त्या काळीं फोटोच्या कांचेवर निळ्या व जांभळ्या प्रकाशाचाच ठसा उमटे. पिवळ्या-तांबड्याचा बहुधा उमटत नसे. म्हणून चित्रांत निळें आकाश पांढरें, तर पिवळें फूल काळें दिसे. १८७३ सालीं इंग्लंडांत तयार झालेल्या कांहीं कांचांची परीक्षा करितांना, त्यांवर निळ्यापेक्षां हिरव्या प्रकाशाचा परिणाम अधिक होतो, असें फोगेल ह्यांस आढळलें. दुसऱ्या कोणीं कांच बिघडली म्हणून ती टाकून दिली असती. ह्यांनीं कारण शोधिलें. थरांत एक पिवळें द्रव्य होतें. तें मद्यार्कानें धुतांच तो गुण नाहींसा झाला. मग निरनिराळे रंग मिसळून त्यांनीं सिद्ध केलें कीं, रंगद्रव्य जो प्रकाश शोषितें, त्याच प्रकाशास कांच जागी होते.

कित्येकांनीं ह्या शोधावर शंका घेतली. परंतु १८७४ सालीं फ्रान्समध्यें एदमों बेकरेल ह्यांस पानांतील हरितद्रव्य वापरून तसाच अनुभव आला. फोगेल १८९८ सालीं बर्लिन येथें निवर्तले.

१९९१ सालीं ओरेगन व ग्रेट्झेल ह्यांनीं स्वित्झर्लंडांत हेंच तत्त्व विजेच्या घटास लाविलें. टायटॅनियम डायॉक्साइडचा पांढरा थर दृश्य प्रकाश शोषीत नाहीं. त्यावरील रंगद्रव्य तो शोषून आपला इलेक्ट्रॉन थरास देतें. दिलेला इलेक्ट्रॉन भरून काढण्याचें काम आधीं द्रव करी. १९९८ मध्यें त्याच्या जागीं घन पदार्थ वापरण्यांत यश आलें. घन घटाचा थर फार पातळ असावा लागतो. यास्तव अल्प जाडींत पुष्कळ प्रकाश पिणारीं रंगद्रव्यें रचण्याचा उद्योग रसायनज्ञांनीं आरंभिला.

विद्यार्थिमित्रहो, प्रयोगशाळेंत अपेक्षेविरुद्ध उत्तर आलें तर तें खोडून शेजाऱ्याचें उत्तर उतरून घेऊं नका. ईश्वराच्या सृष्टींतील सत्य पुष्कळदां अशाच आडवाटेनें भेटीस येतें, असें आम्हांस वाटतें.