सैन्य नसलेला राजा : तंजावरचे सरफोजी महाराज

इतिहासाच्या पुस्तकात छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावरला राज्य स्थापन केले, एवढी एक ओळ येते. पुढे त्या घराण्याचे काय झाले, हे आपल्याला फारसे माहीत नसते. त्याच घराण्यातील सरफोजी राजे (दुसरे) यांच्याविषयी मी लिहीत आहे. त्यांच्या नावावर एकही लढाई नाही, तरीही प्रत्येक कॅडेटने त्यांचे चरित्र वाचावे असे मला वाटते.

सरफोजींचा जन्म १७७७ सालचा. तुळजाराजांनी १७८७ मध्ये, मृत्यूच्या थोडे आधी, त्यांना दत्तक घेतले. तेव्हा ते जेमतेम दहा वर्षांचे होते. पण तुळजाराजांचे भाऊ अमरसिंग गादीवर बसले. दत्तकविधान शास्त्राला धरून नाही, असे मत तेव्हा पंडितांनी दिले होते. सरफोजींना वाड्यात जवळजवळ कोंडून ठेवले होते आणि त्यांच्या शिक्षणाचीही आबाळ झाली. मिशनरी श्वार्ट्झ यांनी हा प्रश्न लावून धरला. १७९३ मध्ये सरफोजींना आणि तुळजाराजांच्या विधवा राण्यांना मद्रासला हलवण्यात आले. तिथे त्यांचे शिक्षण झाले. पुढे शास्त्रार्थ पुन्हा तपासला गेला, दत्तक योग्य ठरले आणि १७९८ मध्ये ते गादीवर आले.

पण राज्य हाती फार काळ राहिले नाही. १७९९ च्या तहाने कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, आसपासचा थोडा मुलूख आणि महसुलातील पाचवा हिस्सा. दुसरा कोणी असता तर नाचगाण्यात आयुष्य घालवले असते. सरफोजींनी मात्र विद्येचे राज्य उभारले. सरस्वती महाल ग्रंथालयात त्यांनी हजारो पुस्तके आणि हस्तलिखिते जमवली. देवनागरी छापखाना काढून इसापनीतीच्या गोष्टी मराठीत छापल्या. धन्वंतरी महालात औषधांवर संशोधन चाले. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी तिथे चित्रांसह ठेवल्या जात आणि त्या आजही पाहायला मिळतात.

हे सगळे आधुनिक होते. पण त्यात स्त्रियांना कुठे जागा होती?

पहिली जागा छत्रांमध्ये दिसते. रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी तंजावरच्या राजांनी छत्रे बांधली होती. त्यातील अनेकांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे आहेत. ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र सरफोजींनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या नावाने उभारले. ही छत्रे आपल्याच हाती राहावीत, असे त्यांनी १८०१ मध्ये कंपनीला लिहिले. तिथे जेवणाबरोबर शिक्षक आणि वैद्यही असत. वाटेत एखादी गरोदर स्त्री आली तर तिचे बाळंतपण तिथेच होई आणि त्यानंतरही तिची काळजी घेतली जाई. परमुलखातल्या गरीब बाईला याहून मोठा आधार कोणता असणार?

दुसरी जागा त्यांच्या लेखनात आहे. सरफोजींनी ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे मराठी नाटक लिहिले. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणारी डोंगरातली बाई. एरवीच्या कुरवंजी नाटकांत ती नायिकेचा हात पाहून तिला प्रियकर कधी भेटेल ते सांगते. सरफोजींच्या नाटकात ती इंद्राणीला जगाचा भूगोल सांगते. पृथ्वीवरचे खंड, देश, नद्या असे नवे ज्ञान त्यांनी पंडिताच्या नव्हे, तर एका साध्या बाईच्या तोंडी घातले, आणि ऐकणारीही स्त्रीच ठेवली. मला ही गोष्ट फार आवडली.

पण कायदा या नाटकाइतका पुढे गेला नव्हता. सरफोजी १८३२ मध्ये वारले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये वारले तेव्हा त्यांना मुलगा नव्हता, मुली होत्या. स्वतःला सुधारलेली म्हणवणाऱ्या कंपनीने मुलींचा हक्क मानला नाही आणि राज्य संपल्याचे जाहीर केले. १८५६ मध्ये वाड्यात शिपाई घुसवून सगळी मालमत्ता जप्त केली. थोरल्या राणी कामाक्षीबाई स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी मद्रासच्या न्यायालयात दावा लावला आणि जिंकला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला, तरी १८६२ मध्ये सरकारला खासगी मालमत्ता परत करावी लागली. ज्या लढ्याला तलवार चालली नसती, तो त्यांनी कागदावर लढून दाखवला.

मला इथे एक गोष्ट खटकते. दत्तक मुलासाठी शास्त्रार्थ पुन्हा पाहिला गेला. त्याच दत्तक राजाच्या सख्ख्या नातींसाठी मात्र कोणी दुसऱ्यांदा पुस्तक उघडले नाही. छापखाना आला, शस्त्रक्रिया आल्या, नकाशे आले, पण वारसाच्या रकान्यात ‘मुलगा’ हाच शब्द राहिला.

आज सैनिकी शाळांत मुलींना प्रवेश मिळतो. मे २०२५ मध्ये राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्यांना कोणी उपकार म्हणून जागा दिलेली नाही, ती त्यांनी मिळवलेली आहे. परेड ग्राउंडवर आपल्या शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे आपण कसे पाहतो, यावरून आपण किती आधुनिक आहोत ते ठरेल. सरफोजी राजांनी अर्धी वाट चालून दाखवली. उरलेली चालणे आपल्या पिढीचे काम आहे.