कुष्ठरोग्यांचे शेजारी : संत डेमियन



दयाळू शोमरोनी माणसाचा दाखला आपल्यापैकी बहुतेकांना तोंडपाठ आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात तो आपण ऐकला आहे, मुलांनी सादर केलेल्या नाटिकेत पाहिला आहे. पण ज्या प्रश्नावरून प्रभू येशूने हा दाखला सांगितला, तो प्रश्न आपण सहसा विसरतो. एका शास्त्र्याला शेजाऱ्याची व्याख्या हवी होती. शेजाऱ्यावर प्रीती करावी ही आज्ञा त्याला मान्य होती, फक्त शेजारी कोणाला म्हणायचे आणि कोणाला नाही, ही रेघ कुठे ओढायची ते त्याला ठरवून हवे होते. रेघ एकदा ओढली की तिच्या पलीकडच्या माणसांची जबाबदारी आपल्यावर राहत नाही. प्रभूने त्याला व्याख्या दिली नाही. त्याने गोष्ट सांगितली आणि वाटेवरून गेलेल्या तिघांपैकी जखमी माणसाचा शेजारी कोण झाला, हे शास्त्र्याकडूनच वदवून घेतले. शेजारी व्हावे लागते, असे प्रभूचे उत्तर आहे.

हे उत्तर आपल्या आयुष्याने खरे करून दाखवणारे एक धर्मगुरू म्हणजे मोलोकाई बेटावरील संत डेमियन.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात झाला. मूळ नाव जोसेफ डी व्यूस्टर. घर शेतकऱ्याचे, धान्याचा व्यापारही होता. वडिलांची इच्छा होती की या धडधाकट मुलाने धंद्यात लक्ष घालावे, म्हणून त्यांनी त्याला फ्रेंच शिकायला पाठवले. जोसेफचे मन मात्र थोरले बंधू पाम्फिल यांच्या वाटेकडे ओढले गेले. ते येशू आणि मरिया यांच्या पवित्र हृदयांच्या संस्थेत दाखल झाले होते. १८५९ साली जोसेफही लूव्हेन येथे त्याच संस्थेत गेले आणि त्यांनी डेमियन हे नाव घेतले. शिक्षण बेताचे असल्यामुळे हा मुलगा धर्मगुरू होण्याजोगा नाही, असे वरिष्ठांना सुरुवातीला वाटत होते. भावाच्या मदतीने त्यांनी लॅटिनचा अभ्यास केला, तेव्हा वरिष्ठांचे मत बदलले.

१८६३ साली पाम्फिल यांची प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर मिशनकार्यासाठी निवड झाली. निघायच्या वेळी ते तापाने अंथरुणाला खिळले. डेमियन यांना अजून गुरुदीक्षा मिळालेली नव्हती. तरीही त्यांनी थेट पॅरिसमधील प्रमुख वरिष्ठांना पत्र लिहून भावाच्या जागी जाण्याची परवानगी मागितली आणि ती मिळवली. अनेक महिन्यांच्या सागरी प्रवासानंतर १९ मार्च १८६४ रोजी, संत योसेफच्या सणादिवशी, ते होनोलुलूला उतरले. दोन महिन्यांनी, २१ मे रोजी, तेथील कॅथेड्रलमध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढची नऊ वर्षे त्यांनी हवाई या मोठ्या बेटावर काढली. तेथील लोकांची भाषा ते शिकले. सुतारकाम अंगवळणी पडले आणि स्वतःच्या हाताने त्यांनी चॅपले उभारली.

त्याच काळात हवाईमध्ये कुष्ठरोग पसरत होता. औषध कोणाकडेच नव्हते. १८६५ साली तेथील राजाच्या सरकारने कायदा केला आणि रोग्यांना घरादारापासून तोडून वेगळे ठेवायचे ठरवले. मोलोकाई बेटाच्या उत्तरेला जमिनीचा एक तुकडा समुद्रात शिरला आहे. तीन बाजूंना खवळलेला समुद्र आणि चौथ्या बाजूला सुमारे दोन हजार फूट उंच उभा कडा. जानेवारी १८६६ पासून रोग्यांना होडीने आणून येथे सोडण्यात येऊ लागले. नवरा बायकोपासून तुटला, लेकरू आईपासून तुटले. पुरेशी घरे नव्हती, पाण्याची सोय नव्हती आणि मेलेल्यांना नीट मूठमातीही मिळत नव्हती.

जुन्या करारातील लेवीय पुस्तकात कुष्ठरोग्याने छावणीबाहेर एकटे राहावे, असा नियम आहे. लोकांना वाचवण्यासाठी तो नियम होता, हे समजून घेतले पाहिजे. पण शुभवर्तमानात एक कुष्ठरोगी प्रभूपुढे गुडघे टेकतो, तेव्हा प्रभू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो. येशू नुसत्या शब्दानेही त्याला बरे करू शकला असता. स्पर्श त्या माणसासाठी होता, कारण कितीतरी दिवसांत त्याला कोणी हात लावलेला नसेल.

मोलोकाईच्या रोग्यांमध्ये कॅथलिकही होते आणि त्यांना धर्मगुरू हवा होता. मे १८७३ मध्ये बिशप मेग्रे यांनी आपल्या धर्मगुरूंपुढे हा विषय मांडला. तेथे जाणे म्हणजे कदाचित मरणाकडे जाणे, म्हणून त्यांना कोणालाही हुकूम करायचा नव्हता. चार धर्मगुरू आपणहून पुढे आले. आळीपाळीने काही आठवडे जायचे असे ठरले आणि पहिली पाळी फादर डेमियन यांची लागली. १० मे १८७३ रोजी ते तेथे उतरले. तेव्हा त्यांचे वय ३३ होते. राहायला घर नसल्याने पहिले काही दिवस ते चॅपलजवळच्या एका झाडाखाली झोपले. थोड्याच दिवसांत त्यांनी वरिष्ठांना कळवले की दुसऱ्या कोणाला पाठवण्याची गरज नाही, आपण येथेच राहू इच्छितो.

दाखल्यातील शोमरोनी माणसाने केलेली कामे आठवून पाहा. तो जवळ गेला. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले आणि खर्चही दिला. प्रत्येक काम हाताचे आहे. फादर डेमियन यांचे काम असेच होते. ते जखमा धूत व बांधत. सडलेल्या जखमांची दुर्गंधी सुरुवातीला त्यांना सहन होत नसे, म्हणून ते पाईप ओढू लागले. वस्तीपर्यंत नळाने पाणी आणण्यासाठी ते झटले. त्यांनी घरे बांधली, अनाथ मुलामुलींसाठी आश्रम उभारला, गायकवृंद तयार केला. शवपेट्या ते स्वतः बनवत आणि कित्येकदा खड्डाही स्वतः खणत. रोग्यांबरोबर ते एकाच भांड्यातून जेवत, कारण हवाईच्या लोकांत एका भांड्यातून खाणे ही आपलेपणाची खूण होती.

एका गोष्टीचे त्यांना फार दुःख होते. कायद्यामुळे काही काळ त्यांनाही वस्तीबाहेर जायची बंदी होती, त्यामुळे पापनिवेदन करायला दुसरा धर्मगुरू मिळत नसे. एकदा त्यांचे वरिष्ठ जहाजाने आले, पण त्यांना उतरू दिले नाही आणि डेमियन यांना जहाजावर चढू दिले नाही. तेव्हा होडीत उभे राहून, जहाजावरच्या लोकांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात, डेमियन यांनी फ्रेंच भाषेत आपली पापे सांगितली आणि क्षमेचा संस्कार स्वीकारला. पापनिवेदनाच्या जाळीआड बसूनही आपली जीभ अडखळते, तेव्हा ही होडी आठवावी.

आता मुख्य गोष्ट. त्यांच्याविषयी एक प्रसंग पुष्कळदा सांगितला जातो. आपल्याला रोग झाल्याचे कळल्यावर एका रविवारी त्यांनी प्रवचनात पहिल्यांदाच स्वतःला कुष्ठरोग्यांत धरून बोलायला सुरुवात केली आणि लोक काय ते समजले, असा तो प्रसंग आहे. ऐकायला हृदयस्पर्शी आहे. पण १८७३ च्या अखेरीस त्यांनी भावाला जे पत्र लिहिले, त्यावरून दिसते की ते पहिल्याच वर्षी असे बोलू लागले होते. तेव्हा त्यांच्या अंगावर रोगाची एकही खूण नव्हती. रोगाची लक्षणे पक्की व्हायला अजून अकरा-बारा वर्षे होती.

आपल्या मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. हवाई भाषेतही अगदी असाच भेद आहे आणि फादर डेमियन त्याच भाषेत प्रवचन करत. त्यांनी रोग्यांना आपल्यात घेतले आणि स्वतःला त्यांच्यात घातले. शास्त्र्याला हवी असलेली रेघ त्यांनी पहिल्याच वर्षी पुसून टाकली होती. रोगाने त्यांना कुष्ठरोग्यांचा शेजारी केले नाही. ते आधी शेजारी झाले आणि रोग नंतर आला.

डिसेंबर १८८४ मध्ये उकळते पाणी पायावर सांडले आणि कातडी सोलली तरी त्यांना वेदना झाल्या नाहीत. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी निदान पक्के केले. त्यांनी काम थांबवले नाही. १८८६ साली जोसेफ डटन हे अमेरिकन प्रापंचिक मदतीला आले. नोव्हेंबर १८८८ मध्ये मदर मेरिॲन कोप आपल्या धर्मभगिनींसह वस्तीत आल्या. आपल्यामागे या लोकांना कोणी राहील, हे पाहून फादर डेमियन यांनी १५ एप्रिल १८८९ रोजी, पवित्र आठवड्याच्या सोमवारी, डोळे मिटले. वय ४९. ज्या झाडाखाली ते पहिल्या रात्री झोपले होते, त्याच झाडाखाली त्यांना पुरण्यात आले.

येथे कथा संपली असती तर बरे झाले असते. पण मरणानंतर काही महिन्यांतच होनोलुलूतील एक प्रॉटेस्टंट पाळक, रेव्हरंड हाईड, यांनी एका सहकाऱ्याला पत्र लिहिले. त्यात डेमियन यांना अस्वच्छ, हेकट व उद्धट म्हटले होते आणि त्यांचा रोग म्हणजे स्त्रियांशी असलेल्या अनैतिक संबंधांचे फळ आहे, असे सुचवले होते. पत्र छापले गेले. प्रसिद्ध लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन डेमियन यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनी वस्तीत जाऊन राहिले होते. ते स्वतःही प्रॉटेस्टंट घराण्यातले. १८९० साली त्यांनी त्या पत्राला जाहीर उत्तर दिले. डेमियन यांचे दोष त्यांनी लपवले नाहीत. फादर खरोखरच तापट होते, हट्टी होते, सहकाऱ्यांशी त्यांचे खटके उडत. पण चारित्र्यावरचा आरोप ही निंदा आहे आणि तिला आधार नाही, हे त्यांनी ठासून मांडले.

आठवी आज्ञा खोट्या साक्षीविरुद्ध आहे. कोर्टात शपथेवर खोटे बोलण्यापुरती ती नाही. हाईड यांनी जे ऐकले ते पुढे सांगितले, एवढेच. आपल्या ओट्यावर, लग्नाच्या मांडवात, मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपणही कित्येकदा एवढेच करतो. शोमरोनी माणसाच्या दाखल्यात लुटारू अंगावरचे कपडे काढून घेतात. आपली जीभ माणसाची अब्रू काढून घेते, आणि ती परत देणे कपडे परत देण्यापेक्षा फार कठीण आहे.

११ ऑक्टोबर २००९ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी फादर डेमियन यांना संतपद बहाल केले. त्यांचा सण १० मे रोजी असतो, म्हणजे ज्या दिवशी ते मोलोकाईला उतरले तो दिवस. मदर मेरिॲन २०१२ साली संत झाल्या. कुष्ठरोगाचे जंतू नॉर्वेतील डॉक्टर हॅन्सन यांनी शोधले तेही १८७३ सालीच. आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू झाले की त्याचा संसर्ग राहत नाही. म्हणून कोणाच्याही हाताला, चेहऱ्याला पाहून महारोगी म्हणत दूर सरकण्याला आज काहीच कारण उरलेले नाही.

बंधुभगिनींनो, रोगाची भीती वाटणे हे पाप नव्हे. २०२० साली करोनाच्या दिवसांत ती भीती आपण सर्वांनी अनुभवली. डॉक्टरांचे ऐकणे, काळजी घेणे हे कर्तव्यच आहे. पण भीती गेली तरी रेघ तशीच राहते, हे तपासायला हवे. आपल्या गावात व्यसनी मुलाचे घर आहे, नवऱ्याने टाकलेली बाई आहे, मागच्या खोलीत वर्षानुवर्षे पडून असलेले म्हातारे आजोबा आहेत, कामासाठी परगावाहून येऊन भाड्याने राहिलेली कुटुंबे आहेत. त्यांच्याविषयी बोलताना आपल्या तोंडी कोणता शब्द येतो, ‘ते लोक’ की ‘आपण’?

या आठवड्यात एक काम करू या. पहिल्या शुक्रवारी धर्मगुरू आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन घेऊन जातात, पण आजारी माणसाला महिन्यातून एकदा येणारे फादर पुरत नाहीत. प्रत्येक कुटुंबाने आपल्या आळीतील अशा एका घरी जावे. काही नेले नाही तरी चालेल. बाजूला बसावे, हात हातात घ्यावा, एक ‘आमच्या बापा’ म्हणावी. मुलांनाही बरोबर न्यावे. दाखला त्यांना तोंडपाठ आहेच, तो कसा जगतात तेही त्यांनी पाहावे.

संत डेमियन, आम्हांसाठी विनंती कर.

आपला प्रभूमधील,
प्रमुख धर्मगुरू