शेठजींचे शेवटचे साडेचार महिने

वर्ध्यात राहत असाल तर बजाज चौक तुम्हाला नवा नाही. कॉलेज, क्लास, बसस्टँड, कुठंही जायचं म्हटलं की एखादा फेरा तिथून होतोच. पण ज्यांच्या नावाचा हा चौक, त्या जमनालाल बजाज यांच्याबद्दल आपल्याला नेमकं काय माहीत असतं? मोठे उद्योगपती, गांधीजींचे मानसपुत्र, स्वातंत्र्यसैनिक. परीक्षेत चार मार्कांपुरतं एवढं पुरतं.

आज मात्र त्यांच्या आयुष्यातला असा एक भाग सांगते, जो चार मार्कांत बसत नाही. घरात कुत्रा, मांजर, गाय, शेळी, काहीही पाळत असाल तर हा भाग तुमच्यासाठीच आहे. कारण एवढा मोठा माणूस आयुष्याच्या शेवटी गायीच्या गोठ्याजवळ राहायला गेला होता.

दत्तक आलेला मुलगा

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९चा, राजस्थानातल्या सीकरजवळच्या काशी का बास या छोट्या गावातला. घरची परिस्थिती साधीच. वर्ध्याचे श्रीमंत व्यापारी शेठ बच्छराज यांनी त्यांना लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेतलं आणि हा मुलगा वाळवंटातून थेट आपल्या कापसाच्या मुलखात आला.

सतरा वर्षांचे असताना एका लग्नाला जाण्यावरून घरात वाद झाला. अंगावर दागिने घालायला जमनालालजींनी नकार दिला. बच्छराजजी चिडून नको ते बोलून गेले. हा पोरगा काय करतो? सगळ्या संपत्तीवरचा हक्क सोडतो, तसं पत्र लिहितो आणि घराबाहेर पडतो. आजोबांना पश्चात्ताप झाला, त्यांनी समजूत काढून परत आणलं. जमनालालजी परत आले खरे, पण पैसा आपला नाही, आपण फक्त त्याचे राखणदार आहोत, ही गोष्ट त्यांच्या मनात तेव्हापासून पक्की बसली.

पुढचं सगळं झपाट्यानं सांगते. इंग्रज सरकारनं दिलेली रायबहादूर ही पदवी त्यांनी असहकाराच्या काळात परत केली. काँग्रेसचे खजिनदार म्हणून वर्षानुवर्षं काम केलं. १९२३च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. १९२८ मध्ये वर्ध्यातलं आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं, तेही समाजातल्या अनेकांचा रोष पत्करून. विनोबांना वर्ध्यात आणण्यात त्यांचा वाटा, गांधीजींना आणण्यातही त्यांचाच. सेवाग्राम ज्या जागेवर उभं राहिलं, त्या शेगावची जमीनही त्यांचीच होती.

सगळं होतं, चैन नव्हतं

आता १९४१ सालाकडे या. जमनालालजी एक्कावन्न वर्षांचे झाले होते. वैयक्तिक सत्याग्रहात पुन्हा तुरुंगात गेले आणि तब्येत ढासळल्यामुळे सुटून आले. उद्योग उभे राहिले होते, मुलं कर्ती होत होती, देशभर मान होता. तरी मन थाऱ्यावर नव्हतं. शांततेच्या शोधात ते डेहराडूनकडे आनंदमयी माँ यांच्याकडेही जाऊन आले. परत आल्यावर त्यांना गांधीजींकडून एखादं असं काम हवं होतं, ज्यात राजकारणाची धावपळ नसेल आणि मन लागेल.

त्यांच्या वाट्याला आली गोसेवा.

तुम्ही म्हणाल, हे तर सोपं काम झालं. चारा टाकायचा, पाया पडायचं, फोटो काढायचा. पण गांधीजींची गोसेवेची कल्पना तशी नव्हती. गायीची नुसती पूजा करून तिला उपाशी ठेवणाऱ्या समाजावर ते सतत टीका करत. त्यांच्या लेखी गोसेवा म्हणजे चांगली पैदास, पुरेसा चारा, स्वच्छ गोठा, दुधाचा हिशेब, शेणाचं खत, आणि नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराच्या कातड्याचा सन्मानानं उपयोग. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय उभारलं ते याच विचारातून.

स्वतः गांधीजींनी गायी-म्हशीचं दूध १९१२ मध्येच सोडलं होतं. त्यामागचं एक कारण कलकत्त्यात गायींवर होणारी ‘फुका’ नावाची क्रूरता. जास्त दूध निघावं म्हणून जनावराच्या जननमार्गात हवा फुंकली जायची. पुढे आजारपणात ते शेळीच्या दुधावर आले ते यामुळेच. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं फुका गुन्हा ठरवला आणि दूध वाढवण्यासाठी जनावराला घातक इंजेक्शन देणंही गुन्हाच आहे, हे जाता जाता लक्षात ठेवा.

गोपुरीची झोपडी

३० सप्टेंबर १९४१ रोजी वर्ध्यात गोसेवा संघ स्थापन झाला आणि जमनालालजींनी त्यात स्वतःला झोकून दिलं. सभासद होणाऱ्यानं गायीचंच दूध-तूप वापरायचं आणि मारलेल्या जनावराचं कातडं वापरायचं नाही, असे नियम होते. म्हणजे आधी स्वतःच्या ताटापासून आणि चपलेपासून सुरुवात!

आणि मग त्यांनी ती गोष्ट केली, जिच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. बजाजवाडीतलं घर असताना ते गोपुरीला साध्या झोपडीत राहायला गेले. गायीची सेवा स्वतःच्या हातांनी करायची म्हणून. ज्यांच्याकडे हुकूम सोडायला माणसं होती, त्यांनी जनावराच्या अंगावर स्वतः हात फिरवला.

यात नुसती भावना आहे असं समजू नका. कोणत्याही गवळ्याला विचारा. रोज तोच माणूस, तीच वेळ, तोच हात असेल तर गाय पान्हा नीट सोडते. आरडाओरडा झाला, काठी उगारली, अनोळखी माणूस आला की दूध वर चढवते. यामागं शरीराचं साधं शास्त्र आहे. पान्हा सुटण्यासाठी लागणारं संप्रेरक जनावर शांत असताना नीट काम करतं, भीतीनं ते अडतं. तुमच्या कुत्र्या-मांजराला दूध द्यायचं नसतं, पण त्यांनाही तोच नियम लागू. रोजची वेळ आणि ओळखीचा हात यांनी जनावर जेवढं शांत होतं, तेवढं महागड्या खेळण्यांनी होत नाही.

आपल्या जिल्ह्याला हे कुणी वेगळं शिकवायची गरजही नाही. आर्वी, आष्टी, कारंजा या भागातली गवळाऊ ही आपली स्वतःची जात, पांढरी, चपळ, ऊन सोसणारी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं चोळून शेकतात, ती खांदशेकणी म्हणजे वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांची देखभालच की! सिंदी रेल्वेच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन मिरवणारं पोर तीच गोष्ट खेळता खेळता शिकतं. आणि सेवाग्रामच्या आश्रमात साप पकडायचा चिमटा आणि पेटी पाहिली असेल तर आठवा. साप निघाला की मारायचा नाही, धरून लांब सोडायचा. माणूसही सुरक्षित, जीवही सुरक्षित.

आणि अचानक

१ फेब्रुवारी १९४२ला वर्ध्यात गोसेवा परिषद भरली. गांधीजीही हजर होते. काम आता कुठं रुळावर येत होतं. बरोबर दहा दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, मेंदूतल्या रक्तस्रावानं जमनालालजी गेले. वय अवघं बावन्न. संघ स्थापन झाल्यापासून मोजले तर जेमतेम साडेचार महिने.

इथं थांबून एक विचार करा. ज्याच्या रोजच्या हाताची गायींना सवय झाली होती, तो माणूस एका दिवसात नाहीसा झाला. मग गायींचं काय झालं? त्या उघड्यावर पडल्या नाहीत. कारण काम एका माणसाच्या हौसेवर उभं नव्हतं. संघ होता, नियम होते, माणसं होती. जानकीदेवींनी गोसेवेची धुरा हाती घेतली, आपली संपत्ती त्या कामाला दिली आणि पुढची अनेक वर्षं ते चालवलं. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. गोपुरीत आज गीताई मंदिर आहे. गीताईचे श्लोक कोरलेल्या शिळांची ती भिंत गायीच्या आणि चरख्याच्या आकारात उभी केलेली आहे. नागपूर रोडनं जाताना एकदा थांबा तिथं.

आपलं काय?

खरं सांगते, हा भाग वाचताना मला आमचा मोती आठवला. रस्त्यावरचं पिल्लू, दहावीच्या सुट्टीत मीच हट्टानं आणलेलं. आजीचा विरोध होता, कारण करणार कोण हा तिचा प्रश्न. मी करेन म्हटलं, आणि दोन वर्षं केलंही. मग डिग्रीसाठी हॉस्टेलला गेले. कुणाला काही नीट सांगितलं नाही. त्याची लस कधी झाली, कशाला घाबरतो, किती खातो, काहीच नाही. मोती दोन दिवस गेटजवळ बसून राहिला, जेवला नाही. शेवटी आजीनंच त्याला हातानं भाकरी भरवली. ज्या आजीला तो नको होता, तिच्याकडेच तो आता झोपतो. मी मात्र तेव्हा त्याच्या नावाच्या स्टोऱ्या टाकत होते.

आपल्यातले किती तरी जण बारावीनंतर पुण्याला, नागपूरला, हैदराबादला जातात. पाळलेला जीव मागं राहतो. म्हणून शेठजींच्या साडेचार महिन्यांतून एवढं तरी घेऊया:

• रोजची वेळ ठरवा. खाणं, फिरणं, अंग विंचरणं ठरल्या वेळी. विंचरताना हाताला गोचीड, गाठ, जखम लगेच कळते. पावसाळ्यात तर रोज बघा.

• वही ठेवा. जमनालालजी मुळात हिशेबी व्यापारी. लसीची तारीख, जंताचं औषध, वजन, सगळं एका वहीत. पिल्लाला साधारण तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील तसा दरवर्षी डोस. सरकारी गुरांच्या दवाखान्यात फक्त गुरंच बघतात असं नाही, कुत्रं-मांजरही घेऊन जा.

• वर्ध्याचा मे महिना विसरू नका. पारा ४५च्या आसपास जातो. फिरायला सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. डांबरावर हाताची मागची बाजू पाच सेकंद ठेवून बघा, तुम्हाला चटका बसला तर त्याचे पायही भाजणार. सावलीत मातीच्या भांड्यात पाणी, दिवसातून दोन-तीनदा बदललेलं. धापा टाकत लाळ गळू लागली, तोल जाऊ लागला तर सावलीत न्या, अंग साध्या पाण्यानं ओलं करा आणि लगेच डॉक्टर गाठा.

• आपली औषधं, आपला खाऊ देऊ नका. चॉकलेट, कांदा, द्राक्षं कुत्र्याला विषासमान. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी.

• आखूड साखळी नको. जनावराला आखूड साखळीनं तासन् तास बांधून ठेवणं कायद्यानं गुन्हा आहे. दिवाळीत तर बांधूच नका. आतल्या खोलीत पडदे लावून, पंखा किंवा टीव्ही सुरू ठेवून त्याच्याजवळ बसा.

• चावा किंवा ओरखडा किरकोळ समजू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या. हळद-चुना लावत बसू नका.

• दुसरा माणूस तयार ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. घरातल्या आणखी एकाचा हात जनावराच्या ओळखीचा हवा, आणि ती वही त्याला वाचता यायला हवी.

शेठजींना आपल्याकडे किती दिवस उरले आहेत हे माहीत नव्हतं. तरी काम असं लावलं की ते गेल्यावर गोठा बंद पडला नाही. तुम्ही तर फक्त शिकायला बाहेरगावी जाणार आहात. बॅग भरायच्या आधी ती वही कुणाच्या तरी हातात द्या, आणि पहिले चार दिवस त्या माणसासोबत तुमच्या मोत्याला फिरवून आणा.