जिजाबाई : वाढत्या मुलाच्या पाठीशी उभी राहिलेली माता

नारायणगावहून जुन्नरकडे वळले, की सुमारे १५ किलोमीटरवर शिवनेरीचा कडा समोर उभा राहतो. गडावरील शिवकुंजात जिजाबाई व बालशिवाजी यांचा पुतळा आहे. हाती छोटी तलवार घेतलेला बाळ आणि शेजारी त्याची माता, हे चित्र महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले आहे. मात्र पालकांची खरी कसोटी पुढे लागते. मूल बारा-तेरा वर्षांचे होते, घराबाहेर रमू लागते, आपले मत मांडू लागते. तेव्हा आईबापांनी त्याच्याशी नाते कसे राखावे, हा प्रश्न आज नारायणगावातील घरांनाही पडतो. त्या दृष्टीने जिजाबाईंच्या चरित्रातील पुण्याची वर्षे विशेष पाहण्याजोगी आहेत.

जिजाबाईंचा जन्म १५९८ साली सिंदखेडराजा येथे लखुजीराव जाधवांच्या घरी झाला. शहाजीराजे भोसले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. जुलै १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशाहाच्या दरबारात लखुजीराव, त्यांचे दोन पुत्र व एक नातू यांची हत्या झाली. एकाच दिवशी जिजाबाईंचे वडील, दोन भाऊ आणि भाचा गेले. त्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला. देशभर दुष्काळ पसरला होता आणि शहाजीराजे मोहिमांत गुंतलेले होते. पुढे शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत कर्नाटकात गेले व थोरला पुत्र संभाजी त्यांच्याजवळ राहिला. काही काळ बंगळूरला राहून १६४२ च्या सुमारास जिजाबाई शिवाजीराजांसह पुण्यास परतल्या. मुलगा त्या वेळी बारा वर्षांचा होता.

वडील दूर आणि आई मुलाजवळ, ही स्थिती आपल्या भागाला नवी नाही. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. दसऱ्यानंतर फड गावोगाव निघतात आणि अनेक कलावंतांची मुले आजी-आजोबांजवळ वाढतात. अशा घरांत जे जवळ असते त्याच्यावरच सारा भार पडतो.

पुणे तेव्हा उजाड झालेले होते. जिजाबाईंनी तेथे वस्ती बसविली, लाल महाल उभा राहिला, कसब्यातील गणपतीचे मंदिर बांधले गेले. ओसाड जमिनीवर सोन्याचा नांगर फिरविल्याची कथा परंपरेने सांगितली जाते. जहागिरीचा कारभार दादोजी कोंडदेव पाहत. जिजाबाई स्वतःही तंटे ऐकत व निवाडे देत. आम्हास महत्त्वाचे वाटते ते हेच. आईने पुराणकथा सांगून मुलगा घडविला, असे आपण वारंवार ऐकतो. परंतु तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला केवळ कथा पुरत नाहीत. पाटील, कुलकर्णी व रयत यांची गाऱ्हाणी जेथे चालत, तेथेच हा मुलगा वाढत होता. मोठी माणसे निर्णय कसा घेतात, कोणाचे ऐकून घेतात, कोठे कठोर होतात, हे त्याला घरातच दिसत होते.

त्याचे सोबती मावळातील होते. येसाजी कंक, तानाजी मालुसरे यांची नावे बालमित्र म्हणून परंपरेत येतात. जहागीरदाराच्या पुत्राने शेतकऱ्यांच्या मुलांसह डोंगरदऱ्यांत हिंडावे, हे त्या काळी सर्वांस रुचले असेल असे नाही. जिजाबाईंनी ती मैत्री तोडली नाही. मुलाचे मित्र आपल्या उंबरठ्याच्या आत आले, तर मुलगाही आत राहतो, हे बहुधा त्यांनी ओळखले असावे.

जानेवारी १६४६ मध्ये रांझे गावच्या पाटलाने बदअंमल केल्याचे प्रकरण पुढे आले. त्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा झाली. शिवाजीराजांच्या उपलब्ध पत्रांत हे अगदी आरंभीचे मानले जाते. राजे तेव्हा सोळाव्या वर्षात होते. शिक्षेची कठोरता त्या काळाची. परंतु एवढ्या लहान वयात पाटलासारख्या बलिष्ठ माणसाविरुद्ध निर्णय देऊ देणे, आणि तो मागे न घेणे, यास घरातील वडीलधाऱ्यांचा विश्वास लागतो. त्याच सुमारास तोरणा हाती आला. १६४७ मध्ये दादोजी वारले आणि कारभाराचा भार सतरा वर्षांच्या मुलावर आला. आई पाठीशी होती. पुढे येऊन तिने सूत्रे हिसकावली नाहीत.

विश्वास टाकण्याचे मोल त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. थोरला पुत्र संभाजी कनकगिरीच्या युद्धात मारला गेला. १६६४ मध्ये शहाजीराजे निवर्तले. जिजाबाई सती जाण्यास निघाल्या तेव्हा शिवाजीराजांनी त्यांना परावृत्त केले. १६६६ मध्ये पुत्र व नातू दोघेही आग्र्यास कैदेत पडले, त्या महिन्यांत राज्य राखण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती.

तो नातू म्हणजे संभाजीराजे. १६५९ मध्ये सईबाई वारल्या तेव्हा ते दोन वर्षांचे होते. आजीच त्यांची आई झाली. एका मुलाचे कुमारवय सांभाळून झालेल्या या स्त्रीने साठी ओलांडल्यावर दुसऱ्याचे तेच वय हाती घेतले. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा संभाजीराजे सतरा वर्षांचे होते. गडावरील हवा न मानवल्याने जिजाबाई पायथ्याशी पाचाडच्या वाड्यात राहत. सोहळ्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, तेथेच त्यांचे निधन झाले.

पुढील चार वर्षांत पिता व पुत्र यांच्यात अंतर पडत गेले आणि डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानास जाऊन मिळाले. त्याची कारणे राजकारणातही होती, घरातील वारशाच्या तंट्यातही होती. ते वर्षभराने परतले आणि जानेवारी १६८० मध्ये शिवाजीराजे स्वतः पन्हाळ्यास जाऊन त्यांना भेटले. गड उतरून ज्या वाड्यात जाऊन दोघांनीही मन मोकळे करावे, तो पाचाडचा वाडा मात्र तेव्हा रिकामा होता.