अक्षरांचा माग काढणारे पंडित

कल्याणहून एक लोहमार्ग टिटवाळा-खडवलीकडे वळतो, तर दुसरा अंबरनाथकडे. अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातील, इ. स. १०६० चे, हे आज सर्वश्रुत आहे. ही तारीख मात्र सहज हाती लागली नव्हती. मंदिराच्या उत्तर दाराच्या तुळईवरील लेखातला शक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ७८२ असा वाचला होता. तो ९८२ आहे, हे दाखवले त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी. एका अंकाच्या वाचनाने तेथील साऱ्या मूर्ती दोनशे वर्षे मागे गेल्या होत्या.

भगवानलाल यांचा जन्म १८३९ साली जुनागढला झाला. गिरनारच्या पायथ्याची अशोकाची शिळा हीच त्यांची खरी शाळा. १८६० च्या दशकाच्या आरंभी भाऊ दाजींनी त्यांना मुंबईस आणले. पुढे अजिंठ्यापासून नेपाळपर्यंत पायपीट पंडितांची आणि निबंध बहुधा भाऊ दाजींच्या नावे, असे चालले. त्या काळच्या रीतीला ते धरून असेल; श्रेयाच्या हिशेबात मात्र त्याची नोंद व्हायलाच हवी. १८७४ मध्ये भाऊ दाजी निवर्तले आणि पंडितांचे स्वतंत्र लेखन सुरू झाले. ते गुजरातीत लिहीत. ब्यूलर, कॅम्बेल यांच्यासारखे स्नेही ते इंग्रजीत उतरवीत. लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, तीही अशाच लेखनावर.

एप्रिल १८८२ मध्ये त्यांनी नालासोपाऱ्याचा ‘बुरुड राजाचा कोट’ उकरला. तो निघाला स्तूप. आतील दगडी पेटीत करंडकाभोवती आठ कांस्यमूर्ती बसवलेल्या होत्या. करंडकात करंडक, सर्वांत आत सोन्याचा आणि त्यात मातीच्या पात्राचे तुकडे! सोबतचे चांदीचे नाणे दुसऱ्या शतकातील यज्ञ सातकर्णीचे. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या. म्हणजे मध्ययुगात कोणीतरी स्तूप उघडून, मूर्ती ठेवून तो पुन्हा बंद केला असावा. कोणती मूर्ती कोठे होती, हे पंडितांनी टिपून ठेवले. खजिना शोधणाऱ्यांच्या कुदळीखाली हा पुरावा तासाभरात नाहीसा झाला असता.

१६ मार्च १८८८ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी त्यांचे मुंबईत निधन झाले. मथुरेत शीतलादेवीच्या चौथऱ्याच्या पायरीत त्यांना सापडलेले सिंहशीर्ष त्यांच्या इच्छेनुसार लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेले. सोपाऱ्याच्या आठ मूर्ती मात्र मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत राहिल्या.