नगरची चांदबिबी

चांदबिबी म्हटले की हाती तलवार घेतलेली राणी डोळ्यांपुढे उभी राहते. मला मात्र तिची थोरवी सुरुंगांच्या लढाईत अधिक दिसते. आपल्या करंजाड्याजवळचा कर्नाळा किल्लाही एके काळी निजामशाहीत होता. तेव्हा ही कथा आपल्याला परकी नाही.

हुसेन निजामशहाची ही कन्या १५५० च्या सुमारास जन्मली. विजयनगरविरुद्ध सुलतानांची एकी झाली, त्या सोयरिकीत तिला विजापूरच्या अली आदिलशहाला दिले. १५८० त पतीचा खून झाला. लहानग्या इब्राहिमच्या नावाने तिने कारभार पाहिला आणि त्यापायी साताऱ्यास कैदही सोसली. पुढे ती माहेरी परतली.

१५९५ च्या अखेरीस शाहजादा मुरादने नगरला वेढा घातला. जुन्या काळी वेढ्यात मंजनीक नावाच्या गोफणयंत्राने दगडांचा मारा करीत. पुढे तोफा आल्या. चांदबिबीच्या आजोबांच्या काळात, १५४९ त, नगरलाच ओतलेली मलिक-ए-मैदान आज विजापूरला आहे. पण जाड तटाला खरी भीती सुरुंगाची. जमिनीखालून तटाच्या पायापर्यंत भुयार खणायचे, त्यात दारू ठासायची आणि बत्ती द्यायची! मोगलांनी असे पाच सुरुंग खणले.

ही बातमी किल्ल्यात पोहोचली. चांदबिबीने आतून खणायला लावून दोन सुरुंग निकामी केले. तिसऱ्यातील दारू काढता काढताच तो उडाला आणि तिच्या पित्याने बांधवलेल्या दगडी तटाला मोठे भगदाड पडले. तो दिवस २० फेब्रुवारी १५९६ चा. लोक पळू लागले, तेव्हा ती चिलखत चढवून स्वतः भगदाडाशी उभी राहिली. दिवसभर हल्ले परतवले. रात्री माणसे लावून भिंत पुन्हा उभी केली. अखेर वऱ्हाड देऊन तह झाला, पण नगर वाचले.

१६०० त शाहजादा दानियाल चालून आला. आता टिकाव लागणार नाही हे ओळखून, बाल बहादूरशहाचा जीव वाचावा म्हणून ती तहाचे बोलू लागली. सरदार हमीदखानाने फितुरीची हाकाटी केली आणि तिच्याच लोकांनी तिला ठार मारले. थोड्याच दिवसांत सुरुंगांनी तट उडाला, किल्ला पडला, बहादूरशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला.

मोगलांचे सुरुंग तिला वेळीच कळले. घरातली कुजबुज मात्र कळली नाही. भगिनींनो, तिच्या शौर्याइतकीच तिची ही समजूतदार माघारही आपण आठवावी, असे मला वाटते.